करून पाहा : पाइपच्या ‘टी’तला कलरीमीटर आणि वाचकांचे इतर प्रश्न

प्रश्न : शाळेच्या विहिरीचे पाणी उपसल्यावर स्वच्छ दिसते, पण रात्रभर बादलीत राहिले की तळाशी तांबूस थर बसतो. त्यात लोह किती आहे हे मुलांनाच मोजता यावे म्हणून कलरीमीटर (द्रावणाच्या रंगाच्या गडदपणावरून त्यातला पदार्थ मोजणारे यंत्र) करायचा आहे. तयार यंत्र परवडत नाही. सुट्या भागांसकट, आकड्यांसकट कृती द्याल का?
— विज्ञान शिक्षिका, सावंतवाडी तालुका

उत्तर : जांभ्याच्या पट्ट्यात हा थर नेहमीचाच. जमिनीखाली हवा नसते तिथे लोह फेरस रूपात विरघळलेले असते. बादलीत हवा लागली की त्याचे फेरिक होते आणि गंजासारखा साका बसतो. म्हणून यंत्राच्याही आधी नमुन्याची काळजी घ्या. विहिरीवर जातानाच १०० मिलिच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीत १ मिलि विरल नायट्रिक आम्ल घालून न्या (१ भाग तीव्र आम्ल ३ भाग पाण्यात, हे शिक्षकांनीच, आम्ल पाण्यात ओतून आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावे). आम्ल नसेल तर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटते आणि नंतर कितीही चांगल्या यंत्रावर कमीच दिसते.

आता यंत्र. ३२ मिमीची पीव्हीसी ‘टी’ (पाइपचा तीन तोंडांचा जोड) घ्या. शेतीच्या पाइपची राखाडी मिळाली तर उत्तम, कारण पांढऱ्या पीव्हीसीतून उजेड झिरपतो. आडव्या दोन तोंडांना दोन टोप्या, उभे तोंड वर. औषधाच्या दुकानातली किंवा दवाखान्यातून धुऊन आणलेली १० मिलिची काचेची इंजेक्शनची बाटली या उभ्या तोंडातून तळापर्यंत गेली पाहिजे. आतला कंगोरा आडवा आला तर काननसने घासा. बाटली सैल बसत असेल तर तिच्या वरच्या भागावर इन्सुलेशन टेपचे वेढे द्या. आतून सगळीकडे काळा, चमक नसलेला रंग लावा. एका टोपीच्या मध्यावर ५ मिमीचे भोक पाडून निळा, पारदर्शक टोकाचा एलईडी बसवा (४७० नॅनोमीटरच्या आसपासचा). समोरच्या टोपीत बीपीडब्ल्यू-३४ हा फोटोडायोड (उजेडाच्या प्रमाणात प्रवाह देणारा भाग), त्याचे तोंड एलईडीकडे. एलईडी आणि बाटली यांच्या मध्ये काळ्या कार्डाची चकती लावून तिला ३ मिमी रुंद, ८ मिमी उंच खाच पाडा. गोल बाटली भिंगासारखी वागते. कडेने जाणारा उजेड वळून भलतीकडेच पडतो, तो या खाचेने अडतो.

जोडणी साधी आहे. जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट वापरा. एलईडीला २२० ओहमचा रोध एकसर जोडला की साधारण ८–९ मिलिअँपिअर जातात, तेवढे पुरते. फोटोडायोड उलटा जोडायचा : कॅथोड धन टोकाला, अॅनोड ४७ किलोओहमच्या रोधाला, रोधाचे दुसरे टोक ऋणाला. मल्टीमीटर २००० मिलिव्होल्टवर ठेवून या रोधाच्या दोन टोकांवर धरा. बाटलीत नुसते पाणी असताना ५०० ते १५०० मिलिव्होल्टच्या दरम्यान काही तरी यायला हवे. मीटर ओसंडला तर २२ किंवा १० किलोओहम लावा, फारच कमी आले तर १०० किलोओहम. एलईडीसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरण्याचा मोह टाळा. ती उतरते तसा उजेड उतरतो आणि तुम्हाला वाटते पाण्यात लोह वाढले. चार्जरवरही एलईडी तापेपर्यंत वाचन सरकत राहते. चालू करून पाच मिनिटे थांबा.

मोजणीसाठी बारावीच्या प्रयोगशाळेतली तीन रसायने लागतात : मोहरचे लवण (फेरस अमोनियम सल्फेट), पोटॅशियम थायोसायनेट, पोटॅशियम परमँगनेट. मोहरच्या लवणाचे १.७६ ग्रॅम, ५ मिलि विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून २५० मिलि करा. हे लिटरला १००० मिलिग्रॅम लोहाचे द्रावण झाले. त्यातले १० मिलि घेऊन १ लिटर करा; हे १० मिलिग्रॅमचे. थेट ०.०७ ग्रॅम तोलून लिटरभर करायला जाऊ नका. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर त्यात १४ टक्क्यांपर्यंत चूक येईल, १.७६ ग्रॅमला ती अर्ध्या टक्क्याच्या घरात राहते. आणि आम्ल विसरलात तर दुसऱ्या दिवशी प्रमाण द्रावणच (लोहाचा आकडा आधीच माहीत असलेले) पिवळट, गढूळ झालेले दिसेल. ते फेकायचे.

१० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे ०, १, २, ४, ६, ८ मिलि सहा नळ्यांत घेऊन प्रत्येक नळी डिस्टिल्ड पाण्याने २० मिलिवर आणा. म्हणजे लिटरला ०, ०.५, १, २, ३, ४ मिलिग्रॅम. सातव्या नळीत विहिरीचा नमुना २० मिलि. प्रत्येकीत १ मिलि तेच विरल नायट्रिक आम्ल, मग परमँगनेटचे पातळ द्रावण (१०० मिलित ०.३ ग्रॅम) थेंबाथेंबाने, फिकट गुलाबी छटा मिनिटभर टिकेपर्यंत, यामुळे सगळे लोह फेरिक होते. नंतर २ मिलि थायोसायनेट (१०० मिलित २० ग्रॅम). रक्तासारखा लाल रंग येतो. तो उजेडात फिका पडत जातो, तेव्हा प्रत्येक नळीत थायोसायनेट घातल्यापासून पाच मिनिटांच्या आत वाचन घ्या. सगळ्या नळ्यांत एकदम घालून मग एकेक मोजत बसलात तर शेवटच्या नळीवर अन्याय होतो.

बाटली एकच वापरायची. तिच्यावर पेनाने रेघ मारून रेघ दर वेळी एलईडीकडे ठेवा, बाहेरून कोरडी पुसा, ८ मिलि भरा, वरून काळे टोपण घाला. आधी एलईडी बंद करून अंधाराचे वाचन घ्या, मग शून्याच्या नळीचे, मग बाकीच्यांचे. समजा अंधारात २, शून्याच्या नळीला ६४२ आणि नमुन्याला ४०२ मिलिव्होल्ट आले. दोन्हींतून २ वजा करा : ६४० भागिले ४००, म्हणजे १.६. त्याचा दहाच्या पायाचा लॉग ०.२०४. हे शोषण, म्हणजे द्रावणाने किती उजेड गिळला त्याचे माप. सहा प्रमाण नळ्यांचे शोषण आलेखावर मांडले की जवळजवळ सरळ रेघ येते, तिच्यावरून विहिरीचा आकडा वाचा. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. जुन्या पुस्तकांत ०.३ सापडेल, तो दुरुस्तीपूर्वीचा आकडा.

रेघ वरच्या टोकाला वाकली तर दोन कारणे असतात. एलईडीचा उजेड एकाच तरंगलांबीचा नसून २५–३० नॅनोमीटर पसरलेला असतो, हे एक. दुसरे, बाटलीला वळसा घालून काही उजेड फोटोडायोडवर पोहोचतो. बाटलीच्या जागी काळ्या कार्डाची गुंडाळी ठेवून पाहा. वाचन अंधाराइतके उतरले नाही तर फट शोधा, बहुधा ती टोपीतल्या भोकाशीच असते. आणि शून्याची नळीच लालसर झाली तर ‘डिस्टिल्ड’ म्हणून आणलेल्या बॅटरीच्या पाण्यातच लोह आहे, नाहीतर काचसामान विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळलेले नाही.

अशी साधने म्हणजे ‘खेळणी’ असे वरिष्ठ म्हणाले तर त्यांना इतके सांगा : दिल्ली विद्यापीठात कृष्णा साने यांच्या पुढाकाराने स्थानिक सुट्या भागांतून कलरीमीटर, पीएच मीटर, कंडक्टोमीटर बनवण्याचे काम १९८०च्या दशकातच झाले आणि त्याला युनेस्कोचा पाठिंबा होता.


प्रश्न : फोटोडायोड गावात मिळत नाही, एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग) मिळतो. त्याचा रोध मोजून शोषण काढले तर आलेख सरळ येतो, पण पुस्तकातल्या आकड्यांशी जुळत नाही. शिवाय वाचन स्थिर होतच नाही.
— बीएस्सीचा विद्यार्थी, उदगीर

उत्तर : आलेख सरळ येतो म्हणजे तुमचे काम बरोबर चालले आहे. एलडीआरचा रोध उजेडाच्या व्यस्त प्रमाणात बदलत नाही, उजेडाच्या एका घातांकाने बदलतो आणि तो घातांक बहुधा ०.६ ते ०.८ च्या आसपास असतो. म्हणून नमुन्याचा रोध भागिले कोऱ्या (मोजायचा पदार्थ नसलेल्या) द्रावणाचा रोध, त्याचा लॉग, हा खऱ्या शोषणाच्या तेवढ्या पटीत येतो. ०.७ घातांकाचा एलडीआर असेल तर ०.५० शोषण तुम्हाला ०.३५ दिसेल. प्रमाण द्रावणांवरून रेघ काढून तिच्यावरून वाचत असाल तर हा घातांक आपोआप उतारात जिरतो, उत्तर बिघडत नाही. पुस्तकातला शोषणांक घेऊन थेट संहती काढायची असेल तर मात्र एलडीआर चालणार नाही.

वाचन स्थिर न होणे हा एलडीआरमधल्या कॅडमियम सल्फाइडचा स्वभावच आहे. आधी किती उजेड पाहिला याची आठवण त्याला राहते. बाटली बदलताना टोपण उघडून खोलीचा उजेड आत जाऊ दिलात की पुढचा अर्धा मिनिट तो हलत राहतो. टोपण उघडण्याआधी एलडीआरसमोर काळ्या कार्डाची झडप सरकवा, बाटली ठेवल्यावर झडप काढून दर वेळी मोजून ६० सेकंदांनी वाचा. एलडीआर हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो, तेव्हा परमँगनेटसारखी जांभळी द्रावणे (शोषण ५२५ नॅनोमीटरजवळ) हिरव्या एलईडीने त्यावर छान मोजता येतात. अवरक्त एलईडी त्याला दिसत नाही म्हटले तरी चालेल.


प्रश्न : मुलाने एलईडीचा कलरीमीटर केला आहे. त्यावर मोरचुदाची (कॉपर सल्फेट) शुद्धता तपासायचा प्रयत्न केला. निळ्या एलईडीत शुद्ध मोरचूद, दुकानातला मोरचूद आणि पाणी, तिन्ही सारखेच. कुठे चुकते? द्राक्षबाग आहे, बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) दर वर्षी बराच मोरचूद लागतो.
— तासगाव

उत्तर : द्रावण निळे दिसते कारण ते निळा उजेड जाऊ देते. जो रंग ते गिळते त्याच रंगाचा दिवा हवा. साध्या मोरचुदाचे सर्वांत जास्त शोषण तर ८०० नॅनोमीटरच्या पुढे, डोळ्याला न दिसणाऱ्या भागात आहे, आणि तेही फिकटच. त्यात अमोनिया घातला की गर्द निळे संयुग तयार होते आणि शोषण ६०० नॅनोमीटरच्या आसपास येते. नारिंगी किंवा लाल एलईडी लावा.

१.२५ ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवून १०० मिलि करा. त्यातले १० मिलि, त्यावर १० मिलि अमोनिया (प्रयोगशाळेतला तीव्र अमोनिया आणि पाणी समसमान), मग पाण्याने १०० मिलि. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. नेमके असेच द्रावण कॉलेजातल्या शुद्ध मोरचुदाचे करा. खडे निळेजर्द असावेत; पांढरट पडलेले असतील तर त्यांतले पाणी उडालेले असते आणि तेवढ्याच वजनात तांबे जास्त भरते. दोन्ही द्रावणांत अमोनिया तंतोतंत सारखा हवा, कारण निळ्याची छटा त्याच्यावर अवलंबून असते. कोरे द्रावण म्हणून १० मिलि अमोनियाचे १०० मिलि. शुद्धाचे शोषण ०.५२० आणि दुकानातल्याचे ०.४४५ आले, तर दुकानातला ८५.६ टक्के.

अमोनिया घातल्यावर मळकट हिरवा किंवा तपकिरी गाळ दिसला तर हिराकस (फेरस सल्फेट) मिसळला आहे. दहा मिनिटे ढवळत उघडे ठेवा, गाळ पूर्ण तपकिरी झाला की गाळून मगच मोजा. गढूळ द्रावण उजेड अडवते आणि भेसळीच्या मालाला उगाच जास्त गुण मिळतात. मॅग्नेशियम किंवा झिंक सल्फेटची भेसळ रंगहीन असते, डोळ्याला कळत नाही, पण या पद्धतीत फक्त तांबेच मोजले जात असल्याने तीही टक्केवारीत उतरते. बोर्डोत मोकळे तांबे उरले आहे का, एवढेच पाहायचे असेल तर कलरीमीटर बाजूला ठेवा आणि घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस मुलामा चढला तर चुना कमी पडला.


प्रश्न : मिलिग्रॅमची वजने घरी कशी करावीत?
— गडहिंग्लज

उत्तर : ७५ जीएसएमचा कागद म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ७.५ मिलिग्रॅम. २ सेंमी बाय २ सेंमीचा तुकडा ३० मिलिग्रॅम. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. दहा ए-४ कागद काट्यावर ठेवा, ४६.८ ग्रॅमच्या आसपास यावेत, आणि जे येईल त्याला ६२३७ चौरस सेंटिमीटरने भागा. पावसाळ्यात कागद दमट होऊन जड होतो. कायमची वजने हवी असतील तर मोटार वाइंडिंगची बारीक तांब्याची तार १० मीटर तोला, एका सेंटिमीटरचे वजन काढा आणि तुकडे कापून चिमट्याने हाताळा. बोटांचा घामही मिलिग्रॅमच्या हिशेबात धरला जातो.


प्रश्न : ब्युरेट (द्रव थेंबथेंब मोजून सोडायची नळी) नाही, पण आवळ्यातले क जीवनसत्त्व मोजायचे आहे. इंजेक्शनच्या सिरिंजने टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत किती द्रावण लागले ते मोजणे) कितपत अचूक होते? आमच्या उत्तरात दर वेळी मोठा फरक येतो.
— महिला बचत गट, आवळा प्रक्रिया, अकोला जिल्हा

उत्तर : १ मिलिच्या ट्युबरक्युलिन सिरिंजवर ०.०१ मिलिच्या खुणा असतात, तेवढ्यावर २–३ टक्क्यांची अचूकता सहज मिळते. तुमचा फरक बहुधा सिरिंजच्या निवडीत असावा. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात : यू-४०, जिचा एक युनिट ०.०२५ मिलि, आणि यू-१००, जिचा एक युनिट ०.०१ मिलि. दोघींनी आळीपाळीने ‘युनिट’ मोजले तर अडीच पटीचा घोळ होतो. शक्यतो मिलिच्या खुणांचीच सिरिंज घ्या. तिने दहा वेळा १ मिलि पाणी काट्यावरच्या वाटीत सोडा. २५ अंशांना ९.९७ ग्रॅम भरले पाहिजे. दट्ट्या भरताना कुठे होता आणि थांबताना कुठे आहे, या दोन खुणांतला फरक मोजायचा. टोकात अडकून राहणारे द्रव मोजणीत येत नाही, मात्र भरताना बुडबुडा राहिला तर तो येतो.

आयोडीन म्हणून जखमेवर लावायचे ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीन चालते (साबण मिसळलेला स्क्रब नको). त्यात मिलिमागे साधारण ५ मिलिग्रॅम उपलब्ध आयोडीन असते. ते समभाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. साबुदाणा उकळून गाळलेले, गार केलेले पातळ पाणी हा स्टार्च. तो त्याच दिवशी वापरा.

आधी प्रमाण. क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून ५०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात, गाळून. म्हणजे मिलिमागे १ मिलिग्रॅम. हे तासाभरात वापरायचे. त्यातले १ मिलि लहान पेल्यात, वर १० मिलि पाणी, १ मिलि स्टार्च, व्हिनेगरचे ४–५ थेंब. सिरिंजने आयोडीन थेंबथेंब सोडत पेला फिरवत राहा. निळा रंग येतो आणि विरतो. तो २० सेकंद टिकला की थांबा. ०.५८ मिलिच्या जवळपास लागायला हवे. बाटली जुनी असेल तर जास्त लागेल, त्याने बिघडत नाही, कारण पुढचा हिशेब याच आकड्यावर करायचा आहे.

मग आवळा. १० ग्रॅम गर किसून ५० मिलि पाण्यात कालवा, फडक्यातून पिळा, चोथा दोनदा धुऊन एकूण १०० मिलि करा. त्यातले २ मिलि वरच्याप्रमाणेच. गोळीच्या १ मिलिग्रॅमला ०.५७ मिलि आणि आवळ्याच्या २ मिलिला ०.५४ मिलि लागले असे समजा. ०.५४ भागिले ०.५७, म्हणजे २ मिलित ०.९४७ मिलिग्रॅम; १०० मिलित ४७.४, तेवढे १० ग्रॅमात, म्हणून १०० ग्रॅम आवळ्यात ४७४ मिलिग्रॅम.

किसणी स्टीलची हवी, भांडे काचेचे किंवा स्टीलचे. तांब्या-पितळेचे अजिबात नको. तांब्याच्या लेशानेही क जीवनसत्त्व झपाट्याने नासते. किसल्यापासून मोजेपर्यंत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. आवळ्यातले तुरट घटकही थोडे आयोडीन खातात, त्यामुळे आकडा किंचित चढा येतो. रेंगाळत टायट्रेशन केले तर आणखी चढतो. बाटलीबंद सरबतावर हा प्रयोग करणार असाल तर लेबलावर आयएनएस (खाद्यपदार्थांत घातलेल्या रसायनांचे क्रमांक) २२३ किंवा २२४ आहे का पाहा. ही मेटाबायसल्फाइटे आहेत आणि ती आयोडीनवर क जीवनसत्त्वाआधीच तुटून पडतात. लिंबाच्या नावाखाली साखरपाणी विकणाऱ्याला यात पहिला नंबर मिळू शकतो! सिरिंज आणि सुई लगेच धुवा, आयोडीन सुई गंजवते आणि दट्ट्याच्या रबरात मुरते.


प्रश्न : सीडीचा स्पेक्ट्रोस्कोप (उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणारी नळी) केला. रंग दिसतात पण रेषा दिसत नाहीत, नुसता इंद्रधनुष्याचा पट्टा. डीव्हीडी लावून फरक पडेल का?
— अकरावी विज्ञान, म्हापसा

उत्तर : पडेल, पण आधी दिवा तपासा. एलईडी बल्बच्या वर्णपटात रेषा नसतातच, पट्टाच दिसणार. अडगळीतला सीएफएल किंवा जुनी ट्यूबलाइट शोधा. त्यांत पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषा ठसठशीत असतात, सीएफएलमध्ये ६११ ची लालही.

रेषा तिथेही पुसट असतील तर दोष फटीत आहे. पुठ्ठ्याला कात्रीने पाडलेली फट कामाची नाही. दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे समोरासमोर चिकटवा, मध्ये झेरॉक्सचा कागद धरून, मग कागद ओढून काढा, ०.१ मिमीची फट राहते. ही फट तबकडीवरच्या चरांना समांतर हवी, दोन-चार अंश तिरकी झाली तरी रेषा पसरतात. चर गोल असतात, म्हणून तुकडा तबकडीच्या बाहेरच्या कडेचाच कापा. फट ते तुकडा अंतर १५–२० सेंमी.

सीडीत मिलिमीटरला ६२५ चर, डीव्हीडीत सुमारे १३५०. आरपार पाहायच्या रचनेत हिरवी रेषा सीडीला सरळ रेषेपासून २० अंशांवर दिसते, डीव्हीडीला ४७ वर. डोळ्याची खिडकी त्याप्रमाणे तिरकी कापा. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. कडेत ब्लेड घालून उचकटा, पारदर्शक चकतीवरचा जांभळा रंग स्पिरिटने धुवा, घासू नका.

मोबाइलने फोटो काढून पिक्सेलवरून तरंगलांबी काढता येते. ४३६ ची रेषा ४१२ व्या पिक्सेलवर आणि ५४६ ची ८५२ व्या वर आली तर नॅनोमीटरला ४ पिक्सेल. लाल ६११ मग १११२ च्या आसपास सापडली पाहिजे. नाही सापडली तर फोन हलला आहे. फोटोतल्या उजळपणावरून शोषण काढायला मात्र जाऊ नका. कॅमेरा एक्स्पोजर स्वतः बदलतो, आणि जेपीईजीतला उजळपणा खऱ्या उजेडाच्या प्रमाणात नसतो. सूर्याकडे नळी रोखू नका, ढगाळ आभाळ किंवा पांढरी भिंत पुरे.


प्रश्न : पेन्सिलीच्या शिसांचे इलेक्ट्रोड आणि ९ व्होल्टची बॅटरी लावून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) केला. आकडा सतत उतरत जातो. आणि घरी आरओ विकायला आलेल्या माणसाने दोन सळ्या बुडवून आमचे पाणी चॉकलेटी करून दाखवले, त्यात तथ्य किती?
— बार्शी

उत्तर : बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. शिसांवर वायूचे बुडबुडे जमतात, आजूबाजूचे आयन हलतात, रोध वाढतो. प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) लागतो. दारावरच्या घंटीचा ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर (दुय्यम बाजूच वापरायची, मेनची वायर उघडी नको), त्याच्याशी एकसर १०० ओहमचा रोध आणि पाण्यातले इलेक्ट्रोड. रोधावरचा एसी व्होल्टेज मोजा. स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, तो इथे निरुपयोगी; २ व्होल्ट एसीची रेंज असलेला घ्या. शिसांऐवजी स्टेनलेसचे दोन बोल्ट १ सेंमी अंतरावर प्लास्टिकच्या पट्टीत आवळले की अंतर बदलत नाही, आणि इथे अंतर बदलले की सगळेच बदलते. ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १ लिटर करा. २५ अंशांना त्याची वाहकता सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स. त्याचे वाचन हेच तुमचे माप. तापमान अंशाने वाढले की वाहकता सुमारे २ टक्के वाढते, म्हणून प्रमाण आणि नमुना एकाच बादलीत ठेवून सारखे गार करा. मायक्रोसीमेन्सला ०.५ ते ०.७ ने गुणले की टीडीएसचा अंदाज येतो, त्यापेक्षा जास्त त्याला ताणू नये.

विक्रेत्याचा प्रयोग वेगळाच. त्याच्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज गेली की लोखंड विरघळते आणि चॉकलेटी हायड्रॉक्साइड पाण्यात उतरते. तो रंग सळईचा आहे, पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून प्रवाह कमी, म्हणून ते स्वच्छ राहते. पुढच्या वेळी त्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून सळ्या बुडवायला सांगा.


प्रश्न : मोरचूद-अमोनियाची आणि थायोसायनेटची वापरलेली द्रावणे मोरीत ओतावीत का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, चिपळूण

उत्तर : नाही. तांब्याचे द्रावण एका बरणीत साठवा. बरणी भरली की विरल सल्फ्युरिक आम्लाने निळा गर्दपणा जाऊन फिके आकाशी होईपर्यंत आम्लता आणा, त्यात लोखंडी खिळे किंवा भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाका आणि दोन दिवस ठेवा. तांबे तपकिरी भुकटी होऊन बसते. वरचे पाणी चुन्याच्या निवळीने उदासीन करा, गाळ बसू द्या, मग सोडा. गाळ आणि भुकटी बंद डब्यात ठेवायची. थायोसायनेटच्या बरणीत तीव्र आम्ल किंवा ब्लीचिंग पावडर कधीही घालू नये, विषारी वायू निघतात. अमोनियाच्या बरणीजवळही ब्लीचिंग पावडर नको. थायोसायनेटची बरणी वेगळी, लेबल लावून, कॉलेजच्या रासायनिक कचऱ्याबरोबर द्यावी.